विहिरीत उतरवायचं घरगुती आरओव्ही : बॅटरी काठावर ठेवावी की आत?

ओझरचा_फिटर

नमस्कार मंडळी.

पुतण्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने आणि तीन मित्रांनी प्रोजेक्टला आरओव्ही घेतलंय, म्हणजे पाण्याखाली फिरणारं, कॅमेरा लावलेलं, वरून केबलने चालवायचं यंत्र. गाइडने सही केली आणि मोकळे झाले. पोरं आता माझ्या शेडमध्ये मुक्कामाला असतात. मी लेथ-मिलिंगवाला माणूस, जे हवं ते कातून देईन. पण इलेक्ट्रॉनिक्स आणि पाणी, दोन्हींशी आपली सोयरीक नाही.

आराखडा असा: अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची चौकट, बिल्ज पंपाच्या, म्हणजे होडीत साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या, चार मोटरी (दोन पुढे-मागे, दोन वर-खाली), ११० मिमी व्यासाच्या ॲक्रिलिक नळीत रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) आणि कॅमेरा. ३० मीटर केबल. काठावर गाडीची १२ व्होल्टची बॅटरी. उतरवायचं मेव्हण्यांच्या सिन्नरकडच्या साठ फुटी विहिरीत. दिवाळीच्या सुमारास तिच्यात पंचेचाळीस-पन्नास फूट पाणी असतं.

पोरांत दोन तट पडलेत. एक म्हणतो बॅटरी काठावर, यंत्र हलकं राहील. दुसरा म्हणतो लिथियमचा पॅक आतच टाका, केबल बारीक होईल. तुमचं काय मत? आणि नळी गळते की नाही, हे आत महागाचं सामान टाकायच्या आधी कसं तपासायचं?

गच्चीवरचा_कावळा

विहिरीत पडलेली बादली काढायला गळ पुरतो की राव. त्याला रास्पबेरी कशाला?

तारतंत्री

फिटरसाहेब, गाडीची बॅटरी काठावर ठेवून १२ व्होल्ट खाली पाठवणार असाल तर आधी कागद-पेन्सिल घ्या.

अर्धा चौरस मिमी तांब्याची तार धरली तर ३० मीटर जाऊन ३० मीटर परत, म्हणजे ६० मीटर. रोध साधारण २ ओहम. एक मोटर अडीच-तीन अँपिअर खाते, चारही एकदम चालल्या तर बारा धरा. २ गुणिले १२ म्हणजे २४ व्होल्ट तारेतच पडायला हवेत. तुमच्याकडे आहेत बारा! म्हणजे मोटरी कण्हणार आणि तार तापणार. अडीच चौरस मिमीची जाड तार घेतलीत तरी बारा अँपिअरला पाच व्होल्टच्या आसपास जातात. वर ती केबल एवढी ताठ, की यंत्र केबलला ओढणार नाही, केबलच यंत्राला हवं तिकडे नेईल.

उपाय जुनाच आहे, वीज मंडळ रोज करतं तो. दाब वाढवा, प्रवाह कमी करा. काठावरून ४८ व्होल्ट डीसी पाठवा, खाली नळीत कन्व्हर्टर बसवून १२ करा. ६० वॅटला मग सव्वा अँपिअर पुरतो.

एक हात जोडून विनंती: कुणी हुशार पोरगा इन्व्हर्टर लावून २३० व्होल्ट पाण्यात सोडायची आयडिया काढेल. त्याला तिथेच थांबवा.

अर्धवट_इंजिनियर

केबलच कशाला? वायफाय वापरा. आजकाल ड्रोन दोन-दोन किलोमीटर जातात.

केतकी_के

हवेत जातात. पाण्यात २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल वीतभर अंतरातच गळाठतो. पाणी तो शोषून घेतं, खारं असेल तर आणखीच. म्हणून समुद्रतळावर जाणारी कोट्यवधींची यंत्रंसुद्धा केबलला बांधलेली असतात, नाहीतर ध्वनीवर बोलतात. ध्वनीवरून थेट चित्रीकरण मिळायचं नाव नको.

मधला मार्ग एक आहे. केबल यंत्रापासून फक्त पृष्ठभागावरच्या तरंगत्या डब्यापर्यंत न्यायची आणि त्या डब्यात वायफाय राउटर ठेवायचा. तळ्यात हे छान चालतं, केबल काठावरच्या झुडपांत अडकत नाही. विहिरीत काही गरज नाही, तुम्ही वरच उभे असता.

अर्धवट_इंजिनियर

नावाला जागलो म्हणायचं. धन्यवाद ताई.

उत्तर_समुद्री

धागा वाचून राहवलं नाही. मी स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनहून लिहितोय. सुरुवात मुंबई हायवर केली, आता बरीच वर्षं इकडे तेलाच्या फलाटांवर आरओव्ही चालवतो. आमची यंत्रं लहान टेम्पोएवढी, वरून सुमारे तीन हजार व्होल्ट एसी जातं. तारतंत्रींचंच गणित, फक्त आकडे मोठे.

लोकांना वाटतं हे जॉयस्टिकचं काम. खरं सांगू, जॉयस्टिकपेक्षा ग्रीसचा डबा जास्त वेळ हातात असतो. आणि यंत्रापेक्षा केबल जास्त छळते. पाण्याचा विरोध केबलच्या जाडी गुणिले लांबीवर येतो. यंत्र छोटं असलं तर केबलचाच विरोध यंत्राहून जास्त होतो, म्हणून मोटरीची ताकद वाढवण्याआधी केबलची जाडी कमी करा.

इतिहासातही केबलच सगळीकडे मधे मधे करते. १९६६ साली स्पेनच्या पालोमारेसजवळ अमेरिकेचा हायड्रोजन बॉम्ब समुद्रात पडला होता. तो काढायला कर्व्ह नावाचं सुरुवातीच्या काळातलं आरओव्ही पाठवलं. ते बॉम्बच्याच पॅराशूटच्या दोऱ्यांत गुरफटलं. शेवटी दोघांना मिळून वर ओढलं! त्याच घराण्यातलं कर्व्ह-३ १९७३ मध्ये आयर्लंडजवळ ४८० मीटरवर अडकलेल्या पायसीस-३ पाणबुडीला दोर अडकवायला गेलं आणि आतली दोन माणसं जिवंत वर आली. जपानचं काइको १९९५ साली मारियाना गर्तेच्या तळाशी पोचलं, दहा किलोमीटरच्याही खाली. २००३ मध्ये केबल तुटली आणि यंत्र कायमचं हरवलं.

तेव्हा चार पोरांपैकी एकाला फक्त केबल सांभाळायला उभा करा. पतंगाची फिरकी धरणाऱ्यासारखं त्याचं काम: ढील किती द्यायची, कधी गुंडाळायची. चालवणाऱ्याने त्याच्याशी सतत बोलत राहायचं. आणि कितीही गोल फिरलात तरी तितकेच उलटे फिरून केबलचा पीळ काढायचा. आम्ही फेऱ्या मोजतो, लिहून ठेवतो.

गच्चीवरचा_कावळा

म्हणजे लग्नाचे फेरे उलटे घेण्याची सोय फक्त पाण्याखाली.

पिंपळपार

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

केतकी_के

आता गळती. माझं कामच पाण्यात ठेवायच्या मोजमाप-यंत्रांचं आहे, त्यामुळे जरा लांबण लावते.

१५ मीटरवर वरच्यापेक्षा दीड वातावरण दाब जास्त. तुमच्या ११० मिमी झाकणाचं क्षेत्रफळ ९५ चौरस सेंमी. म्हणजे प्रत्येक झाकणावर एकशे चाळीस किलोच्या आसपास भार. हा भार झाकण आत ढकलतो, त्यामुळे नीट बसलेली ओ-रिंग (झाकणाची गोल रबरी रिंग) खोलीवर आणखी घट्ट बसते. बहुतेक गळती उथळ पाण्यातच होते.

ओ-रिंगची खाच फिटरकाका लेथवर स्वतः काढणार असतील तर उत्तम. खाचेच्या तळावर कातणाच्या रेघा दिसता कामा नयेत. रिंग नायट्राइलची घ्या, सिलिकॉन ग्रीस लावा, तेही रिंग चमकेल इतकंच. थापायचं नाही. सिलिकॉनच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलंत तर ती फुगते. बसवायच्या आधी रिंग बोटांतून फिरवून उजेडात बघा. एक केस किंवा टॉवेलचा धागा आडवा राहिला तरी पाणी शिरतं.

तपासायचं दोन टप्प्यांत. पहिला कोरडा: दुचाकीच्या गॅरेजमध्ये ब्रेकची हवा काढायला हातपंप असतो, तो आणा. नळीतली अर्धी हवा ओढून घ्या आणि पंधरा मिनिटं काटा बघा. बाहेरची हवा आत दाबते, म्हणजे पाच मीटर पाण्याचा दाब टेबलावरच मिळतो. काटा हलला नाही तर पुढे. हे सावलीत करा, उन्हात आतली हवा तापून काटा फसवतो. दुसरा ओला: नळीत फक्त कोरडा टिश्यू कागद टाकून, दगड बांधून, विहिरीच्या तळापर्यंत सोडा आणि रात्रभर राहू द्या. ३० सेंमी लांबीची नळी धरली तर ती जवळपास तीन लिटर पाणी सारते, म्हणजे पाण्यातलं वजन तीन किलोच्या वर भरेल असा दगड लागेल.

आणि जिथे कुणी बघत नाही ती जागा: केबल. ग्लँड (केबल नळीत शिरते तिथलं आवळायचं बूच) घट्ट, ओ-रिंग घट्ट, पण केबलचं बाहेरचं आवरण कुठे कापलेलं असलं की पाणी आवरणाच्या आतून, तारेच्या बारीक केसांमधून चढत चढत थेट बोर्डावर येतं. ग्लँडला ते थांबवता येत नाही. उपाय म्हणजे प्रत्येक तारेचं इन्सुलेशन बोटाच्या पेराएवढं सोलायचं, आतले केस सोल्डरने भरून भरीव करायचे आणि तो भाग इपॉक्सीत ओतून टाकायचा.

रसायनवाला

इपॉक्सीबद्दल भर: पाच मिनिटांत सुकणारं वापरू नका, पाण्यात दिवसेंदिवस राहिलं की मऊ पडतं. सावकाश सुकणारं घ्या. आणि केबलचं आवरण पॉलिथिनचं असेल तर त्याला काहीच चिकटत नाही, पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेन बघून घ्या. आधी सँडपेपर.

दर्यावर्दी_मालवण

बिल्ज पंपाच्या मोटरींचो नाद सोडा असां माझा मत. त्यांचं शाफ्ट सील एका दिशेनं, थोड्या खोलीसाठी असतं. पंधरा मीटरवर पाणी शिरतं, ब्रश गंजतात. त्यापेक्षा ब्रशलेस मोटर घ्या. तिच्या गुंडाळीवर एनॅमल असतं, सरळ पाण्यात चालते, सील करायचंच काही नाही. ड्रोनवाल्यांकडे मिळते. खाऱ्या पाण्यातून काढल्यावर गोड्या पाण्यानं धुवा नि बेअरिंगात तेल सोडा, इतकाच.

तारतंत्री

दर्यावर्दी, तत्त्वतः मान्य, पण पोरांच्या खिशाचा विचार करा. ब्रशलेसला प्रत्येकी एक स्पीड कंट्रोलर लागतो, आणि ड्रोनचा कंट्रोलर आहे तसा उलटा फिरवत नाही, त्यात सेटिंग बदलावं लागतं. ब्रशवाली मोटर साध्या मोटर ड्रायव्हरवर दोन्हीकडे फिरते. प्रोजेक्टपुरती बिल्ज पंपाची मोटर तग धरेल. फार तर सुटी आणून ठेवा.

दर्यावर्दी_मालवण

प्रोजेक्टपुरतीच ना? मग माझा काय म्हणणा नाय. पण तिच्या पाठीमागचा जोड इपॉक्सीत बुडवाच.

आता मुद्द्याचं. यंत्र पाण्यात ना बुडायला हवं ना भसकन वर यायला. किंचित तरंगतं ठेवा, वीज गेली तर आपसूक वर येईल. फोम वर, वजन खाली, जितकं लांब तितकं यंत्र सरळ राहतं. चौकटीच्या पाइपांना भोकं पाडा, नाहीतर आत हवा अडकते आणि प्रत्येक डुबकीला वेगळं वजन. पोहायला शिकवतात ते मऊ फोमचे दांडके लावू नका. खोल गेल्यावर दबतात, तरंगण्याची ताकद घटते, मग यंत्र आणखी खाली जातं, आणखी दबतात. त्यापेक्षा दोन्ही टोकं बंद केलेला पीव्हीसी पाइप बरा.

आणि पुढेमागे तारकर्लीला घेऊन या, पण तेव्हा वजन वाढवावं लागेल. समुद्राचं पाणी अडीच टक्के जड. यंत्र वीस लिटर पाणी सारत असेल तर विहिरीत बरोबर जमवलेलं इकडे अर्धा किलो वर उचललं जाईल. यायचं तर डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा पाणी नितळ असतं.

कऱ्हाडचा_आप्पा

एवढं सगळं आहे तर कोयनेच्या जलाशयात सोडून बघा की एकदा.

उत्तर_समुद्री

आप्पा, परवानगीशिवाय धरणाच्या आसपास असलं काही सोडलं तर पोरांचा प्रोजेक्ट पोलीस ठाण्यात सबमिट होईल. जलसंपदाचं पत्र हवं. तसं धरणाच्या भिंतीची, दारांची पाहणी हे आरओव्हीचं नेहमीचंच काम आहे. कोचीची आयरोव्ह आणि चेन्नईची प्लॅनिस या आपल्याकडच्याच कंपन्या पाण्याखालची पाहणी करतात.

पिंपळपार

सरकारी पातळीवर आपल्याकडे काही आहे का?

केतकी_के

आहे की. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचं रोसब ६०००, २०१० मध्ये हिंदी महासागरात ५,२८९ मीटरवर उतरलं. त्यांचंच एक ध्रुवीय आरओव्ही अंटार्क्टिकात बर्फाखाली गेलंय. गोव्याच्या दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ‘माया’ बनवली, पण ती बिनकेबलची, स्वतःचं स्वतः जाणारी. मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांचं ‘मत्स्य’ही त्याच जातीचं. पोरांनी त्यांचे अहवाल शोधून वाचावेत, गळतीची प्रकरणं मन लावून.

विहीर_बागायत

मी शेतकरी माणूस, निफाडचा. इंजिनियरिंगचं तुमचं चालू द्या, विहिरीचं मी सांगतो.

एक, यंत्र उतरवायच्या आधी विहिरीतली मोटर बंद, स्टार्टर बंद, आणि फ्यूज काढून खिशात. लाइट आली की ऑटो स्टार्टर स्वतः मोटर सुरू करतो, आणि केबल फुटबॉलकडे (पाइपाच्या पाणी ओढणाऱ्या तोंडाकडे) ओढली जाते.

दोन, यंत्र अडकलं तर काढायला कुणीही खाली उतरायचं नाही. जुन्या विहिरीत खराब हवा साचते, माणूस आवाज न करता जातो. केबलबरोबर नायलॉनची वेगळी दोरी बांधा, ओढायचं ते दोरीने. शेततळ्यात करणार असाल तर कडेचा प्लास्टिकचा कागद शेवाळाने निसरडा असतो. पट्टीचे पोहणारे त्यात गेलेत. लाइफ जॅकेट आणि काठाला बांधलेला दोर हवाच.

तीन, आता माझा स्वार्थ. आमच्याकडे पाणी कमी झालं की विहिरीत आडवं बोअर मारतात. कुठल्या अंगाला मारायचं? पाणाड्या नारळ घेऊन फिरतो आणि बोट दाखवतो. खरं म्हणजे कुठला झरा जिवंत आहे ते दिसलं तर निम्मं काम झालं. उपसा करून विहीर खाली केली की झरे दिसतात, पण भरलेल्या विहिरीत तळाचे झरे कुणी बघितलेत? कॅमेऱ्यापुढे काडीला लोकरीचा धागा बांधा. कपारीपाशी यंत्र नेऊन मोटरी बंद करा आणि थांबा. धागा हलला की झरा चालू.

उत्तर_समुद्री

बागायतदार, दंडवत! लोकरीचा धागा आम्हीही वापरायला हरकत नाही. फक्त मोटरी बंद केल्यावर यंत्र हलू नये, म्हणजे दर्यावर्दींनी सांगितलेलं तरंगणं अगदी काट्यावर हवं. आणि तळाच्या हातभर वरच थांबा. खालच्या दिशेला मोटरीचा झोत गेला की गाळ उठतो, मग अर्धा तास नुसता चहाचा रंग.

दिवे कॅमेऱ्याला चिकटवून लावू नका. गाळाचे कण उजळतात आणि चित्र पांढरं होतं. दोन्ही बाजूंना लांब, तिरके. सपाट काचेतून सगळं एक चतुर्थांश जवळ दिसतं, तेव्हा भिंत दिसते त्याहून थोडी लांब असते, हे लक्षात ठेवा.

अर्धवट_इंजिनियर

होकायंत्राचा सेन्सर टाकला तर झरा कुठल्या दिशेला ते कळेल ना? आता तरी बरोबर?

तारतंत्री

विहिरीत लोखंडी पाइप, लोखंडी पायऱ्या, वर चार मोटरींचे चुंबक. काटा नाचेल. काठावरच्या केबलवाल्याने दिशा सांगावी, किंवा उत्तरेच्या भिंतीला वजन बांधलेली रंगीत दोरी सोडून ठेवा. कॅमेऱ्यात दोरी दिसली की उत्तर.

ओझरचा_फिटर

मंडळी, उशिरा लिहितोय, मधे शेडमध्ये गडबड होती. सगळ्यांचे आभार.

खाच काढली, नायट्राइल रिंग बसवली, गॅरेजवाल्याचा पंप आणला. पंधरा मिनिटं काटा जागचा हलला नाही. मग टिश्यू आणि दगडाची रात्र. सकाळी नळी वर काढली, झाकण उघडलं, टिश्यू कडक कोरडा. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पण नळीबाहेरचं केबलचं टोक रात्रभर पाण्यात होतं, आणि आतल्या बाजूच्या निळ्या तारेच्या टोकावर एक थेंब लोंबत होता. ग्लँड ठणठणीत, थेंब तारेच्या पोटातून आलेला. केतकीताईंनी सांगितलेलं अक्षरशः डोळ्यांसमोर. तो जोड आता सोल्डर भरून इपॉक्सीत ओतलाय.

आता मूळ प्रश्न: बॅटरी वर की खाली? तट अजून दोनच आहेत.

केतकी_के

खाली टाकणार असाल तर लेड-ॲसिड अजिबात नाही. ती हायड्रोजन सोडते आणि तुमची नळी हवाबंद. लिथियमही बंद नळीत बिघडली तर वायू सोडते आणि झाकण गोळीसारखं सुटतं. दाब सोडणारं बूच हवं आणि झाकण उघडताना तोंडासमोर धरायचं नाही. विहिरीसारख्या जागी, जिथे काठ तीस मीटरच्या आत आहे, मी बॅटरी वरच ठेवेन.

दर्यावर्दी_मालवण

मी खालीच ठेवीन. वरून वीज म्हटली की केबलच्या प्रत्येक खरचटण्याला धोका. आणि समुद्रात शंभर मीटर जायचं झालं तर काय करशात?

तारतंत्री

समुद्राचं समुद्रात बघू. विहिरीला वरच. आणि वेगळी पॉवर केबलही नको. मऊ, केसाळ तारांची नेटवर्क केबल घ्या, कडक एकतारी वाकून वाकून तुटते. शंभर एमबीपीएसला चार जोड्यांपैकी दोनच लागतात. उरलेल्या दोन जोड्यांवरून ४८ व्होल्ट पाठवा, एक जोडी जाण्याची, एक येण्याची. ३० मीटरला रोध अडीच ओहम, ६० वॅटला जेमतेम तीन-साडेतीन व्होल्ट पडतात. केबल पेन्सिलपेक्षा बारीक. मात्र चारही मोटरी फुल्ल एकदम चालवायच्या नाहीत, प्रोग्रॅममध्येच प्रवाहाला मर्यादा घाला आणि वेग हळूहळू वाढवा.

ओझरचा_फिटर

पोरांना वाचून दाखवलं. खालीवाला तट म्हणतोय, ई-बाइकचा ४८ व्होल्टचा पॅक मिळाला तर आम्ही वर यायला तयार. एकाच्या भावाकडे आहे. चालेल?

तारतंत्री

चालेल. पण तो पूर्ण चार्ज असताना ५४.६ व्होल्ट देतो. कन्व्हर्टर ‘४८ व्होल्ट’ लिहिलेला घेऊ नका, इनपुट ६०च्या वर चालतो का ते बघून घ्या. पुण्याच्या तपकीर गल्लीत मागाल तर ते समोर येईल ते देतील, डेटाशीट मोबाइलवर उघडूनच पैसे द्या. फ्यूज पॅकच्या पॉझिटिव्हपासून वीतभरात.

विहीर_बागायत

ते झालं की निफाडला कधी आणताय ते बोला. आडवं बोअरवाला अॅडव्हान्स मागतोय, त्याला मी पोळ्यापासून थांबवून ठेवलाय.